सजद्यातला अलार्म

२ नोव्हेंबर, रविवार

ताहिरच्या छातीवर आज पट्टी चिकटवली. मारी बिस्किटाएवढी. आधी छातीवरचे केस काढावे लागले, तेव्हा ताहिरने असं तोंड केलं की जसं काय चारचौघांत त्याची इज्जत काढतायत!

(तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते. इथे तो तोच राहील. लिहितानाही दमायला होतं, त्यात उगाच मान कोण देत बसणार.)

मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये पडला, त्याची ही चौकशी. आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि हा आत खाली बसलेला, भिंतीला टेकून, मांडीवर खुबूसच्या रोट्यांची पिशवी. “काय नाय गो, जरा डोळ्यांसमोर काळोख आला.” डॉक्टरीणबाई म्हणतात, असा काळोख येतो तेव्हा कधी कधी हृदय मध्येच क्षणभर थांबलेलं असतं. दवाखान्यात ते सापडत नाही, तिथे सगळ्यांची हृदयं शहाण्यासारखी वागतात. म्हणून दोन आठवडे घरीदारी ही पट्टी. हृदय थांबताना सापडलं तर छातीत यंत्र बसवायचं. नाही सापडलं तर डिसेंबरच्या बसने उमऱ्याच्या यात्रेला जायला मोकळे.

ताहिरला यंत्र नको, उमरा हवा. पडल्यापासून दुसरं बोलत नाही. मला बसमध्ये खिडकीपाशी बसून झोपायचंय. अल्लाह माफ कर, पण खरं ते लिहिते.

पट्टी लावणारा मुलगा मयुरेश, पुण्याचा. इथे बहरीनमध्येच, सनदला, त्यांची छोटीशी कंपनी आहे, पट्टी त्यांनीच बनवलीये आणि डॉक्टरीणबाईंच्या काही पेशंटवर तिची परीक्षा चाललीये. मला “काकू” म्हणाला. इथे जो तो आंटी म्हणतो. दाभोळच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या घरचाच कोणी आल्यासारखं वाटलं.

विचारलं, चार्ज कशी करायची? “करायचीच नाही काकू. बटणाएवढ्या सेलवर दोन आठवडे चालते. सारखी जागी नसते ना. एक डोळा उघडा ठेवून झोपते. ठोका चुकल्यासारखा वाटला की पूर्ण जागी होते आणि तुमच्या फोनला कळवते.”

म्हटलं, म्हणजे माझ्यासारखीच.

फोनमध्ये त्याने माझं नाव घातलं. केअरगिव्हर: सुरैया. मी विचारलं, याला मराठीत काय म्हणतात रे? डोकं खाजवायला लागला. मीच सांगितलं — बायको.

३ नोव्हेंबर, सोमवार

पहिलाच दिवस आणि पहाटे फज्रच्या नमाजालाच अलार्म वाजला! आवाज काय भयंकर आहे तो. मी चहाचं आधण टाकत होते, तशीच हॉलमध्ये पळाले. ताहिर सजद्यात. कपाळ जमिनीला, हलत नाही. मी मागे उभी. “बरं आहे ना?” उत्तर नाही. नमाजात बोलता येत नाही हे मला काय आज कळलं? पण त्या क्षणी कसलं सुचतंय. “अहो, बरं आहे ना?”

तेव्हा उठता उठता “अल्लाहु अकबर” एवढ्या जोरात म्हणाला की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. म्हणजे, आहे मी जिवंत, जा आता.

नमाज संपवून सलाम फिरवल्या फिरवल्या माझ्यावर ओरडला. मीही ओरडले. चहा उतू गेला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी झुहरला मी शाळेच्या लायब्ररीत, ड्यूटीवर. पोरं पुस्तकं बदलायला रांगेत उभी आणि फोन बोंबलायला लागला. सगळी पोरं माझ्याकडे बघतायत. ताहिरला फोन लावला, उचलेना. परत लावला. उचलेना. मग आमच्या बिल्डिंगचा नातूर — वॉचमन — त्याला फोन केला. भला माणूस, मलबारी, धावत वर गेला आणि दार बडवत सुटला. आत ताहिर नमाजात. तो दार उघडेना, हा बडवणं थांबवेना. शेवटी ताहिरने आतून दिली अल्लाहु अकबरची एक जोरदार तकबीर. नातूर मला फोनवर म्हणतो, “मॅडम, सर जिंदा है, बहुत जोर से जिंदा है.”

हसू यायला हवं होतं. आलं नाही. शाळेतून, ईसा टाउनहून परत येताना व्हॅनमध्ये डोळे मिटून बसले, आमचं वळण आलेलं कळलंच नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

अस्र. मगरिब. इशा. तिन्ही नमाजांना वाजला. प्रत्येक वेळी सजद्यात. प्रत्येक वेळी मी धावले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लिफ्ट बंद. दुरुस्तीवाला इंशाल्ला उद्या येईल म्हणे. म्हणजे उद्याही बंद.

दोन्ही हातांत सामान घेऊन वर चढले. मधल्या मजल्यावर पिशव्या खाली ठेवून कठड्याला टेकून उभी राहिले. नातूर वर येत होता. त्याने विचारलं, “सर की तबियत कैसी है?” ठीक है म्हटलं. पिशव्या मात्र त्याने उचलून दिल्या, सर की तबियत ठीक आहे म्हणून.

हुदाचा लेस्टरहून व्हिडिओ कॉल. “अम्मी, अब्बांचा आजचा ग्राफ पाठव ना. इज ही ईटिंग? स्लीप कशी आहे त्यांची?” सगळं सांगितलं. नंतर बाप-लेकीचं बोलणं झालं, मी भाकऱ्या थापायला गेले. लायब्ररीतल्या नुसरतनेही आज हेच विचारलं, व्हॅनच्या ड्रायव्हरनेही. ताहिर कसे आहेत? आता गळ्यात पाटीच घालून फिरते. ताहिर बरे आहेत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नको म्हटलं तरी जुम्याच्या नमाजाला गेलाच. मी इथे सुरमई साफ करत बसलेले आणि फोन वाजला. मशिदीत कुठे धावणार मी? हातातला कोयता तसाच धरून उभी राहिले. काय करायचं ते सुचेना. थोड्या वेळाने वाजायचा थांबला. मग बराच वेळ हा येईना. आला तो हसत हसत. बाहेर कोणीतरी ताक वाटत होतं म्हणे, ते पीत उभा होता.

मग भांडण. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात ना, काही दिवस खुर्चीवर बसून नमाज पढा. वाकायला नको, अलार्मही नको.

“खुर्चीवर? म्हाताऱ्यांच्या रांगेत? जमालुद्दीनच्या बाजूला? तो ऐंशीचा हाय गो!”

“मशिदीत नको, घरी तरी बसा.”

“घरी काय, बाहेर काय. डोकं टेकता येतंय तोवर टेकणार.”

मग मीही जुनं उकरून काढलं. नमाजाला जानमाज आपण जिथे अंथरतो तिथे कपाटाच्या कडेला हाताचा डाग पडलाय, तेलकट, काळा. दर ईदला मी तो घासून काढते आणि परत पडतो. म्हटलं, उठताना कपाट धरता ना? मला काय दिसत नाही? म्हणे डोकं टेकणार!

कपाटाजवळ जाऊन बघून आला. “हा डाग माझा नाय. माझा हात एवढ्या खाली कशाला जाईल?”

आता कपाट काय खालच्या मजल्यावरचे लोक येऊन धरतात? वाद घालायचंही त्राण नव्हतं. जेवण वाढलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

फज्र, झुहर, अस्र. पुढचं लिहीत नाही.

दुपारी ताहिर म्हणाला, “सुरैया, यंत्र बसवायला लागलं तर उमरा गेलाच ना?” मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. त्याने मान हलवली. पुढच्या वर्षीवर त्याचा विश्वास नाही, दिसलंच मला. भीती वाटते त्याला. मलाही वाटते. आम्ही दोघं फक्त अलार्मवरून भांडतो.

९ नोव्हेंबर, रविवार

मयुरेश आला. बिचाऱ्याचे डोळे माझ्यासारखेच झालेत. महिनाअखेरीला कोणी मोठे लोक त्यांची पट्टी बघायला येणार आहेत, आणि आमच्या घरून दिवसाला पाच अलार्म. बाकी कोणाच्या घरून एवढे नाहीत.

त्याने समजावलं. माणूस वाकला, छातीवर भार आला की पट्टी ताणली जाते, खालचे स्नायू मध्ये येतात, आणि पट्टीला वाटतं ठोका पडलाच नाही. एक डोळा उघडा ठेवून झोपणारी ती, अर्धवट झोपेत चुकणारच. ताहिर खुलला. “मग नमाजाच्या वेळेला ती बंदच ठेव ना बाबा. वेळा तर फोनात असतातच.”

मयुरेश म्हणाला, तसं करता येतं. पण मग तेवढ्या वेळेची नोंद कोरी जाणार, आणि डॉक्टरीणबाई विचारतील की कोरी का. नुसतं मला वाटतं म्हणून चालणार नाही, दाखवायला लागेल.

“मी स्वतः लावून बघितली काका. ऑफिसमध्ये यूट्यूब बघून सजदा केला, एकदा नाही, खूपदा. आमचा बहरिनी मॅनेजर तेवढ्यात आत आला. मला बघून माशाल्ला म्हणाला आणि हळूच दार लावून गेला.”

पहिल्यांदा मनापासून हसले या आठवड्यात. ताहिर तर डोळे पुसत होता.

“मग? वाजली?”

“नाही ना वाजली. पण मी असा काटकुळा, वय कमी, शिवाय मला तुमच्यासारखं नीट जमतही नाही. काकांच्या वयाचं, बांध्याचं, रोज करणारं कोणी पाहिजे. तब्येतीने ठणठणीत. त्यांच्यावरही वाजली तर प्रश्नच मिटला.”

आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मला कशाला, म्हटलं. पण त्याच्या बॅगेत दुसरी पट्टी तयारच होती. हे आधीच ठरवून आलेला दिसतोय. कागदावर टिकमार्क करत विचारत गेला. बीपी? नाही. शुगर? नाही. “शेवटचं कधी तपासलं होतं काकू?” मी म्हटलं, हुदाच्या वेळी. तो हसला, मीही हसले, आणि त्याने पुढचा टिकमार्क केला.

बेडरूममध्ये जाऊन आरशात बघून माझी मीच चिकटवली. एका फोनला दोन पट्ट्या चालत नाहीत, म्हणून माझा अलार्म ताहिरच्या फोनवर. केअरगिव्हर: ताहिर. हे वाचून त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, “बघ, माझी पण नोकरी लागली.”

१० नोव्हेंबर, सोमवार

वाजली!

शाळेतून आले. अस्रची नमाज. ताहिर सोफ्यावर परीक्षकासारखा बसलेला, फोन दोन्ही हातांत. नमाजाच्या चारपैकी पहिल्या रकातीत काही नाही. दुसरीतही नाही. मला वाटलं, आता याचं तोंड पडणार. चौथीत शेवटच्या सजद्यातून उठत होते तेव्हा फोन बोंबलला. नमाजात असल्याने मी काही बोलू शकत नव्हते, आणि हा मागे लहान पोरासारखा, “तुझी पण वाजली! तुझी पण वाजली!”

सलाम फिरवून तशीच बसून राहिले. हसायचं होतं पण आधी श्वास घ्यावा लागला. डोळ्यांसमोर काजवे. वाकून उठलं की येतातच या वयात. कपाटाची कड धरून उठले.

ताहिर चहा करून घेऊन आला. स्वतः! साखर विसरला, पण आणला. पडल्यापासून पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा दिसला. तेवढ्यासाठी मी अशा दहा पट्ट्या लावीन.

इशालाही माझी एकदा वाजली. आता तर नक्कीच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मयुरेशचा फोन. आवाजातच हलका झालेला. “काकू, तुम्ही सोडवलंत. तुम्ही धडधाकट, आणि तुमच्यावरही वाजते, म्हणजे काकांचं हृदय नाही, पट्टीचाच दोष.” डॉक्टरीणबाईंना त्याने तसं लिहून कळवलंय. त्या म्हणाल्या, मग आतापर्यंत तरी चांगलंच आहे, दोन आठवडे पुरे होऊ देत.

आता नमाजाच्या वेळी दोन्ही पट्ट्या गप्प राहतील. इकडे सनदमध्ये बसूनच त्याने ते करून टाकलं. माझी काढू का विचारलं, तर म्हणे राहू दे काकू, रविवारी दोघांच्या एकदमच काढतो, अजून चार दिवसांची माहिती मिळेल. राहू दे तर राहू दे. खाज सुटते थोडी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शांत.

पूर्ण दिवस शांत! झुहरला लायब्ररीत फोन टेबलावर ठेवून बघत बसले. नाही वाजला. नुसरत म्हणाली, “आता तर झोप काढा जरा.” घरी येऊन काढली. अस्रला ताहिरने उठवलं. एवढी झोपूनही अंग दगडासारखंच. इतक्या दिवसांचा शीण आहे, एका झोपेत कसा जाणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हुदा खूश. “सो अब्बा इज फाइन!” तिने तिकडे पेढेच वाटायचे बाकी ठेवलेत. ताहिरने तिला माझा अलार्म कसा वाजला ते नक्कल करून दाखवलं, मी कशी कपाट धरून उठले तेही. हुदा हसता हसता थांबली. “अम्मी, तू कपाट का धरतेस?” मी म्हटलं, तुझा बाप चहा आणेल म्हणून. विषय तिथेच संपला.

नंतर कपाट पुसायला गेले. डागावर माझा हात ठेवून बघितला. बसतोय बरोबर. म्हणजे याचं खरं होतं. त्याला सांगणार नाही, महिनाभर ऐकवेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्यानंतर ताहिर बसवाल्याकडे दोघांची नावं देऊन आला. खलास, आता जायचंच, म्हणाला. दहा डिसेंबर. खिडकीची जागा माझ्यासाठी मागून घेतली. मी कधी बोलले नव्हते त्याला खिडकीचं. कसं कळलं कोण जाणे. म्हणाला, “तू बसलीस की झोपतेस, मला काय माहीत नाय?”

संध्याकाळी बॅगा काढल्या माळ्यावरून. म्हणजे त्यानेच काढल्या. मी स्टुलावर चढले होते, पण जरा गरगरलं म्हणून उतरले. त्याला म्हटलं, तुम्हीच चढा, आता तर तुमची तब्येत बरी असल्याचा कागद मिळणार आहे. ऐटीत चढला. वरून बॅगा देत होता आणि मी खाली स्टूल धरून उभी. एवढा हलका तो किती दिवसांत दिसला नव्हता. त्याच्या छातीत यंत्र नको बसायला, एवढंच मागितलं आज. दुसरं काही मागायचं सुचलंच नाही.

उद्याही सुट्टी. मग रविवारी पट्ट्या काढायच्या, तेल लावून, हळूहळू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दवाखान्यात न्यायला टॅक्सी येईपर्यंत लिहिते.

नाश्त्याची भांडी घासत होते. नमाजाची कुठलीच वेळ नव्हती. सिंकपाशी सरळ उभी, वाकलेही नव्हते. अलार्म वाजला. मी फेसाच्याच हातांनी ताहिरकडे धावले. दारात पोचल्यावर लक्षात आलं, माझा फोन ओट्यावर आहे आणि तो गप्प आहे. वाजतोय तो त्याचा.

मी धडधाकट म्हणून तो बरा ठरला होता.

पॅसेजमध्येच समोर आला. तो माझ्याकडे धावत येत होता, अनवाणी, वाजणारा फोन हातात तसाच. माझे दोन्ही खांदे धरले.

“बरं आहे ना?”

नमाजात नव्हते, तरी मला उत्तर देता आलं नाही.